पन्नाशीनंतर बसण्याचा मान

पन्नाशी आली की पोट सुटणारच, अंग जड होणारच, गुडघे बोलणारच, हे आपल्याकडे निसर्गनियमासारखं मानलं जातं. बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या पारावर असो की सोमेश्वरनगरच्या हॉटेलात, वजनाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘आता वय झालं.’ मला या वाक्याशी भांडायचं आहे. आपण शरीराचा जो ऱ्हास वयाच्या नावावर मांडतो, त्यातला मोठा हिस्सा वयाचा नाही. पन्नाशीतल्या माणसाला आपण जो मान देतो, त्या मानाचा तो आहे.

आधी वयाची बाजू तपासू. 2021 साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 29 देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांचं शरीर दिवसाकाठी किती ऊर्जा खर्च करतं, हे त्यांनी पाहिलं. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. शरीराचा आकार आणि त्यातलं चरबीविरहित वजन हिशेबात धरलं, तेव्हा विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळपास स्थिर निघाला. साठीनंतर तो उतरतो, तोही वर्षाला एक टक्क्याहून कमी. म्हणजे चाळिशीत किंवा पन्नाशीत शरीरातली भट्टी अचानक विझते, या समजुतीला आधार उरला नाही. बाईच्या शरीरात पाळी जाताना बदल होतात, चरबी पोटाकडे सरकते, हाडं विरळ होऊ लागतात, हे खरं आहे. पण बायका आणि पुरुष दोघांचंही वजन सरसकट वाढतं, त्याचं उत्तर एवढ्यात सापडत नाही.

मग पन्नाशीत नेमकं काय बदलतं? नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं एखादं बागायती घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा पंचविशीचा झालेला असतो. ट्रॅक्टर तो चालवतो. पूर्वी पाटाच्या पाण्याची पाळी आली की रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारं धरायला जावं लागे. चिखलात उभं राहून एकेका सरीला पाणी द्यायचं, वरच्या अंगाचा बांध फुटला की फावडं घेऊन धावायचं. आता ठिबक आलं, आणि विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद होते. वैरण हातानं तोडण्याऐवजी कडबाकुट्टी आली, धार काढायला मशिन आलं. डेअरी अर्ध्या किलोमीटरवर असली तरी दुधाची किटली मोटारसायकलला अडकवून जाते. सून आली की सासूच्या हातचं जातं-पाणी, झाडलोट, चूल हळूहळू सुटते. आणि हे सगळं सुटणं घरात कौतुकानं सांगितलं जातं. ‘लेकानं सुख दिलं. आता बसून खायचं.’ ज्यानं तीस वर्षं चिखल तुडवला, त्याला हे वाक्य ऐकताना कृतार्थ वाटलं तर त्यात चूक काही नाही. पण थाळी तीस वर्षांपूर्वीची राहते आणि कष्ट दोन-तीन वर्षांत नाहीसे होतात. त्यातून जे वजन साठतं, ते वयाचं म्हणणं हा शरीरावर अन्याय आहे.

या भागाच्या इतिहासात शिरल्याशिवाय इथल्या शरीरांविषयी बोलताच येत नाही. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनवर कोसळला, तेव्हा इंग्रज सरकारनं दुष्काळी कामांवरच्या मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर खाली आणली. अर्ध्या शेराच्या आत-बाहेरचं धान्य, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनी कामं सोडून निषेध केला. त्या दुष्काळानंतर 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि वीरपासून बारामती-इंदापूरकडे पाणी आलं. त्याच पाण्यावर पुढे ऊस आला, उसावर माळेगाव आणि सोमेश्वरसारखे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तरी 1972 च्या दुष्काळात सुकडी खाल्लेली, मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरी पचवलेली माणसं आज सत्तरीत आहेत. आज पन्नाशी-साठीत असलेली पिढी त्या वर्षांत लहान होती किंवा आईच्या पोटात होती. बारामती तालुक्याच्याच जिरायती भागात, सुपे-मोरगावकडे, पाण्याची चिंता अजून पुरती संपलेली नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे उपयोगी पडतं. 1993 पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडची बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हातपाय बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार असं हे शरीर आपल्याला जन्मापासून मिळतं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी आपापली छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सारखाच होता, आणि याज्ञिकांच्या शरीरातली चरबी दुपटीहून जास्त होती. याच कारणानं भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा मानतात. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत आणि बाईचा 80 च्या आत हवा. ‘मी कुठं जाड आहे, नुसतं पोटच आहे’ असं म्हणणारा माणूस नेमकी धोक्याची खूण सांगत असतो.

टंचाई सोसण्यासाठी घडलेलं शरीर दोन पिढ्यांत उसाच्या पट्ट्यात येऊन बसलं. पाहुणा आला की चहा, बँकेत काम झालं की चहा, मयताला गेलं तरी परतताना चहा. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे धरले तर पन्नास ग्रॅम साखर सहज पोटात जाते. वर्षाला ती अठरा किलो होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं म्हणते. आमच्या भागात कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दरानं साखर मिळते, ती घरात पोत्यानं असते, आणि घरच्या उसाची साखर पाहुण्याच्या कपात कमी घालणं कुणाला शोभत नाही. मी साखर कारखान्यांच्या विरोधात नाही. या पट्ट्यातली शाळा-कॉलेजं आणि लेकरांची शिक्षणं त्या ऊसबिलांवर झाली आहेत. पण जो माल आपण जगाला विकतो, तो रोज इतका खायला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

मानाचा प्रश्न इथेच येतो. खेड्यात अंग धरलेल्या माणसाला ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. सदऱ्याची बटणं ताणली गेली की तो खात्यापित्या घरचा ठरतो. उलट पन्नाशीतल्या कुणी ठरवून आठ-दहा किलो वजन उतरवलं की गावभर चौकशी होते. शुगर निघाली का? काही मोठं दुखणं तर नाही? पोरं बघत नाहीत का? बाईच्या बाबतीत तर थेट सुनेवर संशय येतो. ज्या समाजानं पिढ्यान् पिढ्या भूक पाहिली, त्यानं भरलेल्या अंगाला सुखाची खूण मानावं, याचा राग येण्यासारखं काही नाही. पण एखाद्या माणसाला आपलं आरोग्य परत मिळवण्यासाठी गावाची कीव सहन करावी लागत असेल, तर ते किती जणांना जमणार? डाएटचा तक्ता कितीही चांगला असो, तो या कीवेपुढे टिकत नाही. वजन कमी करायला बसलेल्या बहुतेकांची पहिली हार लग्नाच्या पंगतीत होते. तिथे ताटात न घेणं म्हणजे यजमानाचा अपमान असतो.

आणि तरीही आरोग्य परत मिळतं. हे मी दिलासा द्यायला म्हणत नाही, पुरावा म्हणून सांगतो. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या प्रयोगात तीन हजारांवर माणसं होती, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. ज्यांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं असा नेम धरला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. त्यातही साठीच्या पुढच्यांमध्ये ते 71 टक्क्यांनी घटलं. सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात म्हाताऱ्यांना झाला. 80 किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चित्रपटातल्या नटासारखं पोट कुणी मागितलेलं नाही. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. ज्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, अशांना काही महिने अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. 2017 साली निकाल आले तेव्हा जवळपास निम्म्यांची साखर औषधाशिवाय मर्यादेत आलेली होती. पंधरा किलोंहून जास्त वजन उतरवलेल्यांमध्ये तर दहातल्या आठ-नऊ जणांची. पुढच्या वर्षांत वजन परत वाढलं तशी अनेकांची साखरही परत आली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना डॉक्टरला न विचारता जेवण एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. साखर खाली घसरून माणूस शेतात एकटाच पडला तर त्याला उचलणारं कुणी नसतं.

महाराष्ट्रात या विषयावर गावोगाव चर्चा झाली ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. दिवंगत श्रीकांत जिचकार यांची मांडणी पुढे नेत त्यांनी सांगितलं की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, आणि रोज चाला. लाखो मराठी माणसांनी ते करून पाहिलं. त्याच काळात ऋजुता दिवेकरांचं दर दोन-तीन तासांनी थोडं खाण्याचं म्हणणंही घराघरात पोचलं, आणि दोन पक्ष पडले. माझ्या मते दीक्षितांच्या पद्धतीचं मोठेपण तिच्या फुकटपणात आहे. त्यात पावडर नाही, डबा नाही, महिन्याची फी नाही. शिवाय तिनं अधल्यामधल्या चहाला आणि बिस्किटाला नकार द्यायचं एक सभ्य कारण माणसाच्या हातात दिलं. ‘माझं दीक्षित चालू आहे’ म्हटलं की यजमान आग्रह सोडतो. मानाच्या ज्या अडचणीबद्दल मी वर लिहिलं, तिच्यावर हा उपाय निघाला, आणि मला वाटतं त्या पद्धतीच्या यशाचा निम्मा भाग यातच आहे.

पन्नाशीनंतर मात्र एक धोका आहे, आणि दोन्ही पक्षांच्या अनुयायांकडून त्याबद्दल फार कमी ऐकू येतं. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही उतरतात. तरुणाला ते भरून काढता येतात, पन्नाशी-साठीतल्याला अवघड जातं. काटा सहा किलो खाली दाखवतो, माणूस खूश होतो, आणि बसल्या जागेवरून उठताना हात टेकावा लागतो. हे आरोग्य नव्हे. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ-सत्तर ग्रॅम. एका वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात, अंड्यात सहा. दूध डेअरीत घालून घरी कोरा किंवा पाणीदार चहा पिणारं घर, शाकाहारी, माळकरी, सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेल्या कालवणात भाकरी बुडवून खाणारी सासू. तिचा हिशेब तीस-पस्तीसच्या पुढे जात नाही. त्यात एकादशी, सोमवार, संकष्टी धरून साबुदाण्याची खिचडी, म्हणजे मुख्यतः स्टार्च. मटकी, हुलगा, शेंगदाणे, ताक, दही हे सगळं याच मातीतलं आहे. हुलग्याचं माडगं गरिबाचं म्हणून मागे पडलं. ते परत ताटात आलं तर प्रथिनांसाठी पुण्याहून डबे मागवावे लागणार नाहीत.

स्नायू मात्र खाण्यानं येत नाहीत, वापरानं येतात. 1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली. नव्वदीतल्या माणसांची! मग बावन्न वर्षांच्या बागायतदारानं ‘आता काय उरलंय’ म्हणायचं कारण नाही. सकाळी कालव्याच्या कडेनं चालणं उत्तम, पण ते पुरेसं नाही. जमिनीवर बसून हात न टेकता उठणं, पाण्याची भरलेली बादली उचलून नेणं, पायऱ्या चढणं, जोर-बैठका हे सगळं त्यात हवं. जुन्या घरांत दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवरून उठ-बस व्हायची. आता पंगतीलाही खुर्ची-टेबल आलं, संडासात कमोड आला, देवपूजेलाही स्टूल. ज्यांचे गुडघे गेले त्यांना ती सोय हवीच. ज्यांचे गेले नाहीत, त्यांची रोजची उठ-बस या सोयींनी सुटते. गावात तालीम असते, ती वीस वर्षांच्या पोरांसाठी. पन्नाशीतला माणूस तिथे गेला की तो उगाच लुडबुड करतोय असं वाटतं. खरं तर तालमीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

इथे जुन्या कष्टांचं गुणगान करायला मी तयार नाही. ‘पूर्वीची माणसं कशी काटक होती’ हे ऐकायला बरं वाटतं. पण आज तसेच कष्ट करणारी माणसं आपल्याच शेतात दिसतात. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, उचल फेडण्यासाठी पहाटेपासून तोड, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणं. आपल्या अंगावरचे कष्ट आपण त्यांच्या अंगावर दिले. त्यांच्या पोटावर चरबी नाही, आणि त्यांना निरोगी म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. पाठ, मान, गर्भाशय, सगळं चाळिशीच्या आत झिजतं. एकाच बांधावर अतिकष्टानं मोडलेलं शरीर आणि अतिबसण्यानं मोडलेलं शरीर उभं आहे. मधली वाट, पोटभर अन्न आणि विश्रांतीसह मोजके, स्वतः निवडलेले कष्ट, ही आपल्या समाजात अजून रुजलेली नाही.

साठीनंतरचं शरीर काय करू शकतं याचं एक उदाहरण बारामतीतच घडलं आणि आपण त्यातून भलतंच काही उचललं. साठी ओलांडलेल्या, मजुरी करणाऱ्या लता भगवान करे पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. 2020 मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांची विशेष दखल घेतली गेली. लोकांचे डोळे पाणावले ते गरिबीसाठी, नवऱ्यावरच्या मायेसाठी, आणि ते योग्यच होतं. पण साठीच्या पुढची बाई इतकी धावू शकते, हे शरीराविषयीचं सत्य त्या अश्रूंमध्ये वाहून गेलं. तिच्या वयाची बागायतदाराची बायको सकाळी रस्त्यानं नुसती झपाझप चालली तरी ‘घरी काम नाही वाटतं’ असं ऐकावं लागतं. म्हणून बायका पहाटे, अंधारात, दोघी-तिघींनी मिळून चालतात. आणि नेमक्या हंगामात त्याच रस्त्यावर उसानं लादलेले ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना धावत असतात.

या भागात चालण्याला मान आहे तो एकाच वेळी. ज्येष्ठात सासवडहून संत सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे, बारामती या वाटेनं पंढरपूरकडे जाते. साठी-सत्तरीतल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात आणि कुणी त्यांना वेडं म्हणत नाही. उलट गाव पाया पडतं. वारी हा वजन उतरवण्याचा उपक्रम नाही, तसं तिला कुणी करूही नये. वाटेत गावोगाव गोडाधोडाचं जेवण असतं, आणि परतल्यावर माणूस पुन्हा ओट्यावर बसतो. पण वारीनं एक गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे. दिंडी असेल, चालण्याला मान असेल, तर ज्याला घरी जिना चढवत नाही असं वाटतं, तो पंढरपूर गाठतो.

तो मान वर्षाच्या उरलेल्या महिन्यांतही मिळाला पाहिजे, आणि तो एकेकट्याच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर अर्ज भरतात, उपकेंद्रात तपासणी फुकट होते. पण ती तपासणी गोळीपाशी संपते. कालव्याच्या भरावावरचा एक-दोन किलोमीटरचा पट्टा दिवे लावून, गाड्या बंद करून सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांसाठी राखून ठेवणं ग्रामपंचायत आणि पाटबंधारे खात्याला मिळून जमण्यासारखं आहे. तालमीत आठवड्यातले तीन दिवस पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आणि त्यातला एक वेळ फक्त बायकांसाठी ठेवता येईल. सोसायटीच्या, डेअरीच्या, कारखान्याच्या वार्षिक सभांना बिनसाखरेचा चहा ठेवला आणि ज्याला हवी त्यानं वरून घ्यावी असं केलं, तर नकार देणाऱ्याला कुणाची माफी मागावी लागणार नाही. पैसा यात नगण्य लागतो. लागतं ते इतकंच की सरपंचानं, चेअरमननं स्वतः त्या रस्त्यावर दिसलं पाहिजे, कारण गाव त्यांच्या अंगकाठीकडे बघूनच मान ठरवतं.

कुणी विचारेल, एवढं करून आयुष्य किती वाढणार? त्याचं नक्की उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण दुसरा हिशेब देता येतो. अर्धांगवायू झालेला माणूस कधी कधी वर्षानुवर्षं अंथरुणात जगतो. त्याचं अंग पुसणं, कूस बदलणं, मलमूत्र काढणं हे बहुधा बायको करते, ती थकली की सून करते. ती सून पस्तिशीची असते. तिच्या नोकरीचं, शेळीपालनाचं, माहेरी जाण्याचं, झोपेचं काय झालं हे कुणी मोजत नाही. ज्यानं ‘लेकानं सुख दिलं’ म्हणत वीस वर्षं बसून काढली, त्याच्या बसण्याची किंमत तिनं भरलेली असते, आणि ती भरताना तिचीही पन्नाशी जवळ येत असते.